मिस्टर फिट्झ आणि हातातून निसटलेला घोडा

'सीबिस्किट' हा सिनेमा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. २००३ साली आलेला. बुटका, कुणालाही नको असलेला एक घोडा, एक अबोल ट्रेनर, एक नशीब रुसलेला जॉकी आणि मग सगळ्या अमेरिकेला वेड लावणारी धाव. बघताना अंगावर काटा येतो. पण सिनेमा संपल्यावर एक प्रश्न उरतो. इतका भारी घोडा आधी ज्याच्या तबेल्यात होता, त्याला तो ओळखता कसा आला नाही? कोण होता हा बिनडोक माणूस?

इथेच खरी गंमत आहे. तो माणूस बिनडोक नव्हता. उलट तो त्या काळातला अमेरिकेतला सगळ्यात मोठा ट्रेनर होता. नाव जेम्स एडवर्ड फिट्झसिमन्स. रेसकोर्सवर त्याला 'सनी जिम' म्हणत आणि म्हातारपणी सगळेच आदराने 'मिस्टर फिट्झ' म्हणू लागले. आज त्याचीच गोष्ट वाचा. दहाव्या वर्षी तबेल्यात भांडी घासायला लागलेला आणि अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी निवृत्त झालेला हा माणूस तुमच्या-माझ्या करिअरच्या घाईला चांगलाच लगाम घालतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. रेस म्हटलं की आपल्याकडे घरात भुवया उंचावतात. मुंबईत महालक्ष्मीचं रेसकोर्स आहे, पुण्यात कॅम्पातलं आहे, पण आपल्या डोक्यात तिथे फक्त पैसे लावणारे लोक असतात. ते असतातच, आणि त्यापायी घरं बुडाल्याच्या गोष्टीही खोट्या नाहीत. पण त्या दोन-अडीच मिनिटांच्या धावेमागे पहाटे काळोखात उठणारं एक वेगळंच जग असतं. घोड्याला खरारा करणारा मोतद्दार, नाल ठोकणारा, रपेटीला नेणारा पोरगा आणि या सगळ्यांच्या वर ट्रेनर. ही गोष्ट त्या जगातली आहे.

तबेल्यातलं पोर

जिमचा जन्म २३ जुलै १८७४ चा, न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमधल्या शीप्सहेड बे या भागातला. तेव्हा तिथे शेतीवाडी होती. जिम लहान असतानाच त्या भागात रेसकोर्स उभं राहायचं ठरलं. त्याचं घर नेमकं त्या जागेत येत होतं, त्यामुळे ते हलवावं लागलं. १८८० मध्ये शीप्सहेड बे रेसकोर्स सुरू झालं. म्हणजे ज्या मातीत हा जन्मला, तिथेच पुढे घोडे धावू लागले. नशिबाने इतकी उघड खूण क्वचितच केली असेल!

४ मार्च १८८५ ला दहा वर्षांचा जिम तबेल्यात कामाला लागला. तारीख लक्षात ठेवायला सोपी आहे, कारण त्याच दिवशी ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची शपथ घेतली होती. ब्रॅनन बंधूंच्या तबेल्यात त्याचं काम होतं स्वयंपाकघरात. भांडी घास, पाणी भर, सांगतील ते कर. आठवड्याचे सातही दिवस काम आणि झोपायला तबेलाच. शाळा तिथेच सुटली.

हळूहळू स्वयंपाकघरातून तो घोड्यांकडे सरकला. लीद काढणं, घोडे थंड होईपर्यंत त्यांना हाताने चालवत फिरवणं, मग पहाटेच्या रपेटीला पाठीवर बसणं. पुढे ड्वायर बंधूंच्या नामांकित तबेल्यातही त्याने काम केलं. चांगले घोडे जवळून कसे दिसतात, हे तो तिथे शिकला. अंगाने लहानखुरा होता, म्हणून जॉकी व्हायचं स्वप्न पडलं. १८९० मध्ये न्यू जर्सीतल्या ग्लॉस्टरच्या रेसकोर्सवर क्रिस्पिन नावाच्या घोड्यावर त्याने पहिली शर्यत जिंकली.

पण ही रेसकोर्सं फार प्रतिष्ठेची नव्हती. मोठ्या क्लबांच्या यादीबाहेरची, जिथे बक्षीस थोडं आणि गोंधळ फार, अशी ठिकाणं. त्यातच जिमने लग्न केलं जेनी हार्वीशी, आणि घर चालवायची जबाबदारी आली. वर शत्रू उभा राहिला वजनाचा. जॉकीचं सगळं आयुष्य वजनाच्या काट्यावर चालतं हे तुम्हाला माहीत असेल. वजन उतरवायला जिम अंगावर कपड्यांचे थर चढवून धगधगत्या वीटभट्टीजवळ तासन्‌तास फेऱ्या मारी आणि घाम गाळी. पुढे त्याची पाठ संधिवाताने वाकली, त्याचं मूळ या भट्टीत आहे, असं त्याच्याविषयी सांगितलं जाई. ते खरं असो-नसो, एक गोष्ट मात्र नक्की: भट्टीने वजन थोडे दिवस थोपवलं, कायमचं नाही. जॉकी म्हणून जिम फिट्झसिमन्स फार मोठा झालाच नाही.

थोडं थांबून याचा विचार करा. विशीच्या आसपासचा मुलगा, शिक्षण नाही, हातात असलेली एकमेव कला शरीर साथ देत नाही म्हणून सुटत चाललेली, घरी बायको. आजच्या भाषेत सांगायचं तर प्लॅन ए फसलेला आणि प्लॅन बी ठरलेला नाही.

कायदा आला, रेसकोर्सं बंद

प्लॅन बी समोरच उभा होता, चार पायांवर. तो घोडे तयार करू लागला. एखाद-दुसरा घोडा, तोही बहुतेकदा दुसऱ्यांनी टाकलेला. कधी स्वतःचा, कधी कुणा ओळखीच्या मालकाचा. १९०० मध्ये ब्रायटन बीचच्या रेसकोर्सवर ॲग्नेस डी नावाच्या घोडीने त्याला ट्रेनर म्हणून मोठ्या वर्तुळातला विजय मिळवून दिला. या हसतमुख माणसाला एका क्रीडा पत्रकाराने 'सनी जिम' असं नाव दिलं आणि ते जन्मभर चिकटलं.

आता बस्तान बसेल असं वाटत होतं, तोच राजकारण आडवं आलं. जुगाराविरुद्ध वातावरण तापलं आणि १९०८ मध्ये न्यूयॉर्क राज्याने रेसवरच्या बेटिंगवर बंदी घालणारा कायदा केला. पुढे तो आणखी कडक झाला, इतका की रेसकोर्सच्या संचालकांनाच जबाबदार धरलं जाऊ लागलं. परिणाम काय? १९११ आणि १९१२ ही दोन वर्षं न्यूयॉर्कमध्ये एकही मोठी शर्यत झाली नाही. घोडे मातीमोलाने विकले गेले. ट्रेनर, जॉकी, मोतद्दार रस्त्यावर आले. काही धंदा सोडून गेले, काही परदेशी गेले. जिम दुसऱ्या राज्यांतल्या लहानसहान ठिकाणी घोडे घेऊन फिरत राहिला.

१९१३ मध्ये शर्यती पुन्हा सुरू झाल्या, पण ज्या शीप्सहेड बेच्या मातीत तो जन्मला होता, तिथे मात्र घोडे परत धावले नाहीत. तिथे मोटारींच्या शर्यतींचा ट्रॅक झाला.

इथून पुढे आपण त्यांना अहोजाहो करू. कारण इथपर्यंतचा जिम धडपडणारा पोरगा होता. यापुढे भेटतात ते मिस्टर फिट्झ.

ट्रेनर नेमकं करतो काय?

क्रिकेटचा कोच बोलून शिकवू शकतो. घोड्याच्या ट्रेनरला ती सोय नाही. घोडा गुडघा दुखतोय म्हणून सांगत नाही. तो खाणं अर्धवट टाकतो, एका पायावर भार कमी देतो, कान मागे पाडतो. हे वाचता आलं पाहिजे. ट्रेनरची सकाळ उजाडण्याआधी सुरू होते. आज कुठला घोडा नुसता चालवायचा, कुणाला सावकाश दौडवायचं, कुणाला वेगात सोडायचं, कुणाला अजिबात हात लावायचा नाही, हे सगळं ठरवायचं. दाणा-वैरण किती, विश्रांती किती, कुठल्या शर्यतीत उतरवायचं, जॉकीला काय सांगायचं, हेही त्यानेच बघायचं.

आणि रोज न चुकता पाय तपासायचे. अर्धा टन वजनाचा प्राणी काठीसारख्या बारीक पायांवर ताशी साठ किलोमीटरच्या आसपास धावतो. पायात जराशी ऊब जास्त लागली, तरी आत काहीतरी बिनसलंय हे ओळखावं लागतं. मिस्टर फिट्झ हे हाताने ओळखत. घोड्याशेजारी वाकून नडगीवरून बोटं फिरवायची आणि ठरवायचं: आज नाही. हे 'आज नाही' म्हणणं या धंद्यात सगळ्यात अवघड. कारण मालकाला शर्यत हवी असते, पैसा हवा असतो.

मालकही तसेच बडे मिळाले. १९२० च्या दशकात विल्यम वुडवर्ड या मोठ्या बँकरने आपल्या 'बेलेअर' तबेल्याचे घोडे त्यांच्या हाती सोपवले. १९२६ मध्ये ग्लॅडिस मिल्स फिप्स आणि त्यांचे भाऊ ऑग्डेन मिल्स यांनी 'व्हीटली' तबेला काढला, त्याचेही ट्रेनर हेच. हे ऑग्डेन मिल्स पुढे अमेरिकेचे अर्थमंत्री झाले. शाळा सुटलेलं तबेल्यातलं पोर आता बँकर आणि मंत्र्यांना घोडा धावणार की नाही ते सांगत होतं आणि ते ऐकत होते.

बापही जिंकला, पोरगाही

अमेरिकन रेसिंगचा सर्वोच्च मान म्हणजे ट्रिपल क्राउन. केंटकी डर्बी दहा फर्लांगांची, प्रीकनेस साडेनऊ आणि बेलमाँट बारा फर्लांगांची. आठ फर्लांगांचा एक मैल. तिन्ही शर्यती तीन वर्षांच्याच घोड्यांसाठी आणि तिन्ही काही आठवड्यांत. म्हणजे घोड्याला आयुष्यात एकच संधी, रिपीटरला प्रवेश नाही! आजवर फक्त १३ घोड्यांना तिन्ही जिंकता आल्या आहेत.

१९२९ च्या शेवटी अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला होता. लोकांच्या नोकऱ्या जात होत्या. अशा १९३० च्या उन्हाळ्यात बेलेअरच्या गॅलंट फॉक्सने तिन्ही शर्यती जिंकल्या. गॅलंट फॉक्स अंगात प्रचंड ताकद असलेला, पण चौकस आणि आळशी. शेजारचा घोडा मागे पडला की याचं लक्ष उडे आणि हा वेग कमी करी. मिस्टर फिट्झ यांनी त्यावर साधा उपाय काढला. सरावाच्या वेळी एकच जोडीदार न देता टप्प्याटप्प्यावर ताजे घोडे उभे ठेवायचे. एक दमला की पुढचा सोबतीला येणार. रिले शर्यतच म्हणा. गॅलंट फॉक्सला वाटे, शर्यत संपलेलीच नाही. चाबकाने जे झालं नसतं, ते सोबतीने झालं.

मिस्टर फिट्झ तेव्हा ५५ वर्षांचे होते. तबेल्यात पहिलं पाऊल टाकल्यापासून पंचेचाळीस वर्षांनी त्यांना पहिली केंटकी डर्बी मिळाली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सॅराटोगाला मोठी फजितीही झाली. ट्रॅव्हर्स स्टेक्स ही शर्यत, पावसाने चिखल झालेला, आणि सगळ्यांच्या नजरा गॅलंट फॉक्स आणि व्हिचवन या दोघांवर. हे दोघे एकमेकांशी झुंजण्यात दमले आणि एकास शंभर भाव असलेला जिम डँडी नावाचा घोडा आतल्या बाजूने निघून गेला. त्या वर्षी दहा शर्यतींत गॅलंट फॉक्सची ही एकमेव हार. सॅराटोगाला आजही जिम डँडीच्या नावाने शर्यत होते. अजिंक्य वाटणाऱ्याला कुणीतरी हरवलं की लोक ते कधी विसरत नाहीत.

गॅलंट फॉक्स निवृत्त झाला आणि त्याच्या पहिल्याच पिढीतलं एक शिंगरू मिस्टर फिट्झ यांच्याकडे आलं. नाव ओमाहा. १९३५ मध्ये ओमाहानेही ट्रिपल क्राउन जिंकला. बाप आणि मुलगा दोघेही ट्रिपल क्राउन विजेते, ही इतिहासातली आजवरची एकमेव जोडी आणि दोघांचा ट्रेनर एकच. ट्रिपल क्राउन दोनदा जिंकणारे ते पहिले ट्रेनर. त्यांची बरोबरी व्हायला २०१८ साल उजाडावं लागलं. ती केली बॉब बॅफर्ट यांनी.

आणि तो निसटलेला घोडा

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे या. ज्या १९३५ साली ओमाहा देश गाजवत होता, त्याच साली त्याच ट्रेनरच्या हाताखाली व्हीटली तबेल्याचा एक दोन वर्षांचा घोडा धावत होता. बुटका, गुडघे ओबडधोबड, खायला आणि झोपायला सगळ्यात पुढे. सीबिस्किट. त्याचा बाप हार्ड टॅक हाही मिस्टर फिट्झ यांनीच तयार केलेला, डोक्याने भडक घोडा.

सीबिस्किट पहिल्या १७ शर्यती हरला. त्या एका वर्षात त्याला ३५ वेळा धावायला लावलं गेलं. हा आकडा नीट बघा. दोन वर्षांच्या घोड्यासाठी ३५ शर्यती म्हणजे फारच झालं. चांगले घोडे सगळ्या कारकिर्दीत एवढं धावत नाहीत. मिस्टर फिट्झ यांना दिसत नव्हतं असं नाही. घोड्यात वेग आहे हे त्यांनी हेरलं होतं. पण तो आळशीपणा करतोय, कामाला लावलं की सुधारेल, असा त्यांचा हिशेब होता. त्यांच्या तबेल्यात तेव्हा ओमाहा होता, पुढच्या वर्षाची आशा असलेला ग्रॅनव्हिल होता. या बुटक्याकडे द्यायला वेळ कुणाकडे होता?

१९३६ च्या ऑगस्टमध्ये सॅराटोगाला सीबिस्किट ८,००० डॉलरला विकला गेला. विकत घेणारे चार्ल्स हॉवर्ड, मोटारींचे व्यापारी. त्यांचा ट्रेनर टॉम स्मिथ. स्मिथने काय केलं? घोड्याला विश्रांती दिली, पोटभर खाऊ दिलं, सोबतीला पंपकिन नावाचं शांत तट्टू दिलं. पुढचं तुम्हाला सिनेमामुळे माहीत आहे. १ नोव्हेंबर १९३८ ला पिम्लिकोच्या रेसकोर्सवर सीबिस्किटने त्याच्या आदल्या वर्षी ट्रिपल क्राउन जिंकलेल्या वॉर ॲडमिरलला समोरासमोरच्या लढतीत हरवलं. निवृत्त झाला तेव्हा तो सर्वाधिक बक्षिसं कमावलेला घोडा होता.

म्हणजे बघा, ज्या माणसाने गॅलंट फॉक्सचा आळस सोबतीने घालवला, त्याच माणसाने सीबिस्किटचा आळस जादा कामाने घालवायचा प्रयत्न केला. एकाच्या बाबतीत उत्तर सापडलं, दुसऱ्याच्या बाबतीत तेच उत्तर हाताशी असून वापरलं गेलं नाही. का? गॅलंट फॉक्सच्या आळसामागे काहीतरी मोठं आहे यावर आधीच विश्वास होता, सीबिस्किटवर नव्हता. आपल्या वर्गातही हेच होतं, नाही का? हुशार ठरलेल्या मुलाला कमी मार्क पडले तर त्याला काय झालं असेल याची चौकशी होते. मागच्या बाकावरच्याला कमी पडले तर तो अभ्यास करत नाही, हे ठरलेलंच असतं.

मिस्टर फिट्झ यांचं मोठेपण यामुळे कमी होत नाही, पण झाकून ठेवायचीही गरज नाही. शेकडो घोडे हाताखालून गेलेल्या जाणकार माणसाची नजरही गर्दीत चुकते. त्याच वर्षी ग्रॅनव्हिलने बेलमाँट जिंकली आणि तो वर्षातला सर्वोत्तम घोडा ठरला. त्यामुळे व्हीटलीच्या त्या विक्रीकडे तेव्हा कुणी फारसं लक्षही दिलं नाही.

सोळा वर्षांचा दुष्काळ

१९३९ मध्ये जॉन्सटाउनने केंटकी डर्बी आणि बेलमाँट जिंकून दिली. ही त्यांची तिसरी आणि शेवटची डर्बी. त्यानंतर ट्रिपल क्राउनच्या तीन शर्यतींपैकी एकही शर्यत सोळा वर्षं हाती लागली नाही. इतर विजय येत होते, पण मोठ्या मंचावर नवे ट्रेनर आले होते. मधल्या काळात दुसरं महायुद्ध होऊन गेलं. १९५१ मध्ये जेनी गेल्या, साठ वर्षांचा संसार संपला. १९५३ मध्ये जुने मालक विल्यम वुडवर्ड गेले. पाठ इतकी वाकली होती की मान वर करून समोरच्याकडे बघणंही कठीण. पुढे चालताना कुबडी आली. माणसाने घरी बसावं अशी सगळी कारणं जमली होती.

ते घरी बसले नाहीत. वुडवर्ड यांचं एक शिंगरू इंग्लंडला पाठवायचं ठरलं होतं. मालक गेल्यावर त्यांच्या मुलाने, विल्यम वुडवर्ड ज्युनिअरने, ते अमेरिकेतच ठेवलं आणि मिस्टर फिट्झ यांच्या हवाली केलं. त्याचं नाव नॅशुआ.

१९५५ च्या केंटकी डर्बीत कॅलिफोर्नियाच्या स्वॅप्स नावाच्या घोड्याने नॅशुआला हरवलं. नॅशुआने पुढे प्रीकनेस आणि बेलमाँट जिंकल्या, पण स्वॅप्स तिथे नव्हता. त्यामुळे सगळ्या देशात एकच वाद: खरा मोठा कोण? शेवटी ३१ ऑगस्ट १९५५ ला शिकागोच्या वॉशिंग्टन पार्कमध्ये फक्त दोघांची शर्यत लागली. बक्षीस एक लाख डॉलर, सगळं जिंकणाऱ्याला. नॅशुआवर एडी आर्कारो. दरवाजा उघडताच आर्कारोने नॅशुआला पुढे काढलं आणि स्वॅप्सला शेवटपर्यंत पुढे येऊ दिलं नाही. साडेसहा लांब्यांनी विजय. स्वॅप्सचा खूर दुखावलेला होता हेही नंतर पुढे आलं, त्यामुळे तो वाद आजही पूर्ण मिटलेला नाही. पण ८१ वर्षांच्या ट्रेनरने सोळा वर्षांचा दुष्काळ संपवला होता, यात वाद नव्हता.

आनंद दोन महिनेच टिकला. ऑक्टोबरच्या शेवटी विल्यम वुडवर्ड ज्युनिअर आपल्याच घरात बायकोच्या गोळीने मारले गेले. घरात चोर शिरला असं वाटून गोळी झाडली, असं तिने सांगितलं आणि तिच्यावर खटला उभा राहिला नाही. बेलेअरचे घोडे विकायला निघाले. नॅशुआ १२,५१,२०० डॉलरला गेला. लिलावात दहा लाखांवर किंमत गेलेला तो पहिला घोडा. नव्या मालकांनी एक शहाणपणा केला. ट्रेनर बदलला नाही. १९५६ चा हंगामही नॅशुआ मिस्टर फिट्झ यांच्याच देखरेखीखाली धावला.

शेवटचा मोठा घोडा

मग आला व्हीटलीचा बोल्ड रूलर. वेग जबरदस्त, पण डोकं आपल्याच तंद्रीत. १९५७ च्या डर्बीत जॉकीने त्याला आवरून धरलं आणि तो चौथा आला. दोनच आठवड्यांनी प्रीकनेसमध्ये त्याला मोकळं सोडलं आणि तो जिंकला. त्या वर्षीचा सर्वोत्तम घोडा तोच ठरला. घोड्याला आपल्या पद्धतीत बसवण्यापेक्षा त्याच्या स्वभावाप्रमाणे धावू द्यावं, हा धडा ८२ वर्षांचे मिस्टर फिट्झ अजूनही गिरवत होते. सीबिस्किटच्या वेळी जे साधलं नव्हतं, ते इथे साधलं.

१९५८ मध्ये त्यांची रेसिंगच्या हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली. काम मात्र चालूच. शेवटी १९६३ च्या जूनमध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांनी निवृत्ती घेतली. तबेल्यात पहिलं पाऊल टाकल्याला तेव्हा ७८ वर्षं झाली होती. ट्रेनर म्हणून २,२७५ शर्यती जिंकलेल्या. त्यात तीन केंटकी डर्बी, चार प्रीकनेस आणि सहा बेलमाँट. ११ मार्च १९६६ ला मायामीत त्यांचं निधन झालं. वय ९१.

त्यांच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, १९७३ मध्ये, बोल्ड रूलरच्या एका मुलाने पंचवीस वर्षांनी पुन्हा ट्रिपल क्राउन जिंकला. बेलमाँटमध्ये तो ३१ लांब्यांनी पुढे होता आणि दीड मैलाचा त्याचा २ मिनिटं २४ सेकंदांचा विक्रम आजही कुणी मोडलेला नाही. त्याचं नाव सेक्रेटॅरिएट. त्याला मिस्टर फिट्झ यांनी कधी पाहिलं नाही, पण त्याच्या बापाच्या पायांवरून त्यांचीच बोटं रोज पहाटे फिरली होती.

आता तुमच्याकडे वळू. तुमच्यापैकी कुणाची प्लेसमेंट हुकली असेल, कुणाची एंट्रन्स राहिली असेल, कुणी घरच्यांच्या तगाद्याने वैतागलं असेल. बावीसाव्या वर्षी सेटल नाही झालो तर संपलं, असं वाटण्याचं हे वय. मिस्टर फिट्झ यांचा हिशेब यात बसत नाही. जॉकी म्हणून फसले, मधली दोन वर्षं धंदाच बंद, पहिली मोठी ट्रॉफी पंचावन्नाव्या वर्षी, सगळ्यात गाजलेली लढत एक्याऐंशीव्या वर्षी. यात जादू नाही. रोज पहाटे उठून घोड्याचे पाय तपासण्याचं कंटाळवाणं काम त्यांनी ७८ वर्षं टाळलं नाही, इतकंच.

आणि दुसरी बाजूही लक्षात ठेवा, कारण उद्या तुमच्यापैकी कुणी शिक्षक होईल, कुणी टीम लीडर, कुणी आई-बाबा. तुमच्या हाताखाली ओमाहा असेल तेव्हा कोपऱ्यात एखादा सीबिस्किटही उभा असेल. तो आळशी आहे असं ठरवण्याआधी त्याला एकदा पोटभर खाऊ द्या, थोडी विश्रांती द्या, सोबत द्या. मग बघा धावतो का.